उकिडवा बसणारा

गेल्या पावसाळ्यांत घराच्या पायरीवरून घसरून मीं आपला उजवा हात मोडून घेतला आणि सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें अडकून पडलों. लिहितां येईना, फळ्यावर एक अक्षर काढतां येईना. सदऱ्याच्या गुंड्यासुद्धां घरच्या मंडळींनीं लावाव्या! अशा वेळीं अमेरिकेंत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें करमणुकीसाठीं म्हणून मला एक पुस्तक धाडलें. रॉय कॅम्पनेला या बेसबॉलपटूचें तें १९५९ सालचें आत्मचरित्र. त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ 'जिवंत असणें बरें आहे' असा होतो. नांव वाचूनच मीं तें बाजूला सारलें. दुखणाइताला उपदेश करणारीं पुस्तकें मला कधींच सोसलीं नाहींत. शिवाय बेसबॉलमधलें मला ओ कीं ठो कळत नव्हतें.

पण हात गळ्यांत बांधलेला माणूस पुस्तकावर किती दिवस रुसणार? शेवटीं तें उघडलें, आणि प्रथम गुंतलों तो त्याच्या दुःखांत नव्हे, तर त्याच्या धंद्यांत. बेसबॉलमध्यें क्षेत्ररक्षण करणाऱ्या पक्षाचे नऊ गडी असतात. त्यांपैकीं आठजण फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. नववा, म्हणजे कॅचर, तेवढा फलंदाजाच्या पाठीमागें उकिडवा बसून या आठांकडे पाहत असतो. सारें मैदान समोर दिसणारा असा तो एकटाच. आपला यष्टिरक्षकही तेथेंच असतो खरा. परंतु गोलंदाजानें कोणता चेंडू टाकावा हें त्याच्या हातीं नसतें. कॅचर मांड्यांच्या आडोशाला बोटांनीं खुणा करतो आणि पुढचा चेंडू पिचरला सुचवितो. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर गादीसारखें कवच, नडग्यांवर ढालींसारखे पत्रे, एवढा सरंजाम असूनही बॅटला चाटून आलेला चेंडू उघड्या हाताच्या बोटांवर बसतोच. आणि हें सर्व उकिडवें बसून, सामन्यांत शंभराहून अधिक वेळां! माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला तें वाचूनच गुडघे दुखूं लागले.

कॅम्पनेला १९२१ सालीं फिलाडेल्फिया शहरांत जन्मला. बाप इटालियन वंशाचा, आई कृष्णवर्णी. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १९३७ सालीं, तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्यें खेळूं लागला. कारण गोऱ्यांच्या मोठ्या लीगांचीं दारें त्याच्या रंगाच्या माणसाला बंद होतीं. ब्रुकलिन डॉजर्स संघानें १९४६ सालीं त्याला घेतलें, पण धाडलें तें न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआच्या दुय्यम संघांत. तेथील व्यवस्थापक वॉल्टर ऑल्स्टन याला पंचानें एका सामन्यांतून बाहेर काढलें, तेव्हां त्याची जागा कॅम्पनेलानें चालविली. गोऱ्या धंदेवाईक खेळाडूंवर एका काळ्या माणसानें हुकमत चालविण्याचा तो पहिलाच प्रसंग मानतात.

जॅकी रॉबिन्सन १९४७ सालीं मुख्य संघांत आला, कॅम्पनेला १९४८ सालीं. दोघांचे स्वभाव निराळे. अपमान झाला कीं रॉबिन्सन पेटून उठे; कॅम्पनेला हंसून खेळाकडे वळे. यावरून त्यांच्यांत बेबनावही होई. माझें मत विचाराल तर मला रॉबिन्सनचा संताप अधिक योग्य वाटतो. मात्र हें मत मी आरामखुर्चींत बसून देत आहें, हेंही कबूल केलें पाहिजे.

खेळाविषयीं दुमत नव्हतें. १९५१, १९५३ आणि १९५५ अशीं तीन वर्षें तो नॅशनल लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. १९५३ सालीं त्यानें ४१ होमरन मारले. १९५४ सालीं हाताला इजा झाली आणि फलंदाजी पार कोसळली; लोकांनीं त्याला मोडींत काढलें. पुढच्याच वर्षीं तो सावरला आणि ब्रुकलिननें यँकीज संघाला हरवून आपलें पहिलें जागतिक विजेतेपद मिळविलें.

१९५७ च्या हंगामानंतर डॉजर्सनीं आपलें बिऱ्हाड लॉस अँजेलिसला हलविलें. कॅम्पनेलाला मात्र तेथें एकही सामना खेळतां आला नाहीं. २८ जानेवारी १९५८ च्या रात्रीं हार्लेममधील आपलें मद्याचें दुकान बंद करून तो भाड्याच्या मोटारीनें ग्लेन कोव्हला घरीं चालला होता. रस्त्यावर बर्फ गोठलें होतें. गाडी घसरली, खांबावर आदळून उलटली. मान मोडली, खांद्यांखालचें शरीर लुळें झालें. तो छत्तीस वर्षांचा होता.

७ मे १९५९ रोजीं लॉस अँजेलिसला त्याच्यासाठीं एक खास सामना झाला. त्र्याण्णव हजारांवर लोक जमले. जुना सोबती पी वी रीज यानें त्याची चाकांची खुर्ची मैदानांत ढकलीत आणली. दिवे मालवले गेले आणि अंधारांत प्रत्येकानें एकएक काडी पेटविली. हा प्रसंग वाचतांना मलाही गहिंवर आला, नाहीं असें नाहीं. पण माझ्यांतला चिकित्सक मास्तर विचारीतच राहिला कीं, काड्या विझल्यावर पुढें काय?

म्हणून पुस्तकाबाहेरची हकीकत मीं धुंडाळली. पुस्तक निघाल्यावर वर्षभरांतच पति-पत्नी विभक्त झालीं. १९६३ सालीं ती बाई वारली. म्हणजे 'जिवंत असणें बरें आहे' असें छापून झाल्यावरच तें खरें करून दाखविण्याची पाळी आली होती. त्यानें १९६४ सालीं पुन्हा लग्न केलें. उपचारांनीं हातांना कांहीं हालचाल परत आली, हस्तांदोलन करण्यापुरती. पाय मात्र परत आले नाहींत. १९६९ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची निवड झाली. १९७८ पासून तो डॉजर्सच्या कचेरींत कामाला लागला आणि दर वसंतांत फ्लोरिडामध्यें व्हेरो बीचच्या सराव-छावणींत जाऊन तरुण कॅचरांना शिकवूं लागला. माइक सोशा हा त्यांतलाच एक. उकिडवें कसें बसावें, भार कोणत्या पायावर टाकावा, उघडा हात कोठें लपवावा, हें सर्व त्याला खुर्चींतून, बसून न दाखवितां, बोलून सांगावें लागे. १९९३ च्या जून महिन्यांत तो वारला. मोठ्या लीगमध्यें दहा हंगाम. खुर्चींत पस्तीस वर्षें.

प्लॅस्टर निघाल्यावर मीं पहिलें पत्र त्या विद्यार्थ्याला लिहिलें. अक्षर वेडेंवांकडें आलें. पुस्तक आवडलें, माणूस त्याहूनही आवडला, पण पुस्तकाचें नांव अजून माझ्या गळीं उतरलेलें नाहीं, असें त्यांत कळविलें आहे.