चित्रातल्या दोन तारखा

जळगावात मी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. तरी सिंधी कॉलनीतल्या एका विद्यार्थिनीचे काका आले आणि म्हणाले, "ताई, पाकिस्तानातून आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना देवनागरी येत नाही. नागरिकत्वाचा अर्ज कसा करायचा ते चित्रांत काढून द्या."

फाळणीनंतर आलेले सिंधी जळगाव-धुळ्यात केव्हाच मुरले. त्यांचे नातलग पुढेही येत राहिले. कुणी अटारीवरून, कुणी 2006 ते 2019 या काळात धावलेल्या थार एक्स्प्रेसने. पासपोर्टची मुदत संपली, व्हिसा वाढवायचा राहून गेला, की तोच माणूस कायद्याच्या लेखी बेकायदा.

पहिला गोंधळ क्रमाचाच. सिंधी लिपी 52 अक्षरांची आणि उजवीकडून वाचायची. माझी कच्ची चित्रपट्टी एका अम्मांनी उजवीकडून वाचली, तेव्हा आधी शपथ झाली आणि अर्ज शेवटी आला. मग मी चित्रं एकाखाली एक रचली.

पुढे पासपोर्ट. नागरिकत्व सुधारणा कायदा 2019 चा, त्याचे नियम 11 मार्च 2024 चे. त्या नियमांत मुदत संपलेली कागदपत्रंही चालतात. पाकिस्तानचा जुना पासपोर्ट, तिथला शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, आजोबांच्या नावाचा पुरावासुद्धा. हे वाचून मी थक्क झाले, कारण लोक नेमके हेच कागद भीतीने दडवून ठेवतात. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम होते, तरी घराघरांत धसका होता. म्हणून मी फाटका पासपोर्ट पानभर मोठा काढला आणि शेजारी हिरवी बरोबरची खूण केली.

नंतर टपाल कचेरी. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण कागद तपासून शपथ देणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख डाक अधीक्षक! "पोस्टात कशाला?" असं प्रत्येकाने विचारलं. मीही विचारलं होतं.

सगळ्यात अवघड गेल्या त्या तारखा. नागरिकत्वाची ही वाट 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच खुली आहे, तीही पाकिस्तानसह तीन देशांतल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना. इतर धर्मांच्या निर्वासितांना या चित्रात जागा नाही, आणि मला ते खुपतं. सप्टेंबर 2025 च्या आदेशाने याच सहा समाजांच्या, छळामुळे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट मिळाली. शिक्षा टळली, नागरिकत्व मिळालं नाही. नवरा आधी आलेला, बायको नंतर, अशी जोडपी दोन्ही तारखांना एकच समजत होती. मी दोन कॅलेंडरं काढली, दुसऱ्यापुढे बंद दार. "ते दार काढून टाका, लोक खचतील," काका म्हणाले. मी ठेवलं. खोटी आशा दाखवणाऱ्या चित्रापेक्षा कोरा कागद बरा.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर एवढं सांगा: जुना पासपोर्ट, शिक्क्याचं पान, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, 2014 चं किंवा त्याआधीचं विजेचं बिल, काहीही फेकू नका. आणि तारीख बदलून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.