लांडगा पळाला, फोटो मिळाला!

‘उद्या पहाटे लांडगे बघायला चाललोय,’ असं ऑफिसात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘कुठे, ताडोबाला?’ छे हो! जेजुरी-मोरगाव रस्त्याने. अष्टविनायक करताना ज्या उजाड माळाकडे बघून आपण गाडीची काच वर करतो ना, तोच या साहेबांचा पत्ता!

मोरगावच्या पुढे सुपे. पुण्यापासून साधारण ७० किलोमीटर. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी प्रसिद्ध. पण अभयारण्याची हद्द लांडग्याला कोण सांगणार? बारामती, दौंड, इंदापूर… जिथे माळ आणि मेंढरं, तिथे तो. अंगाचा रंग असा, की तो उभा राहिला तर वाळलेलं गवत आणि बसला तर दगड!

जंगलात जायच्या आधी मी लांडगा प्राणिसंग्रहालयात पाहिला होता. फोटो अगदी क्लोजअप मिळाले; पिवळसर डोळे, मिशांचे केससुद्धा मोजून घ्या. पण गडी त्याच दहा पावलांत येरझाऱ्या घालत होता. म्हटलं, हे काही खरं नाही. मोकळ्यावर बघायला हवा.

तो योग आला २०१८च्या जानेवारीत. आम्ही तिघे मित्र, एक जीप आणि हप्त्यांवर घेतलेली माझी नवी टेलिलेन्स. दोन तास नुसती धूळ खाल्ली. आणि मग दिसली… मादी! नाकासमोर चाललेली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. ‘घाल रे गाडी!’ हे मीच ओरडलो. जीप रस्ता सोडून माळात शिरली. ती वळली, आम्ही वळलो. ती धावली, आम्हीही. कान मागे, शेपूट पायात, जीभ बाहेर. खटाखट चाळीस फ्रेम. एकदम जबरदस्त ॲक्शन शॉट!

परत रस्त्यावर आलो तर एक धनगर मामा काठीवर हनुवटी टेकून उभे.

‘रानात गाडी कशापायी घातली? तिकडं वढ्याला तिची पिल्लं हायती.’

‘मामा, पण ती तुमची मेंढरं नेते ना?’

‘न्हेती की. मागल्या हप्त्यात कोकरू न्हेलं. म्हनून काय अंगावर गाडी घालायची व्हय?’

यावर काय बोलणार? तिघेही गप्प. मी नंतर वाचलं ते असं : आपल्याकडे लांडग्यांची पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला जन्मतात. मोठे लांडगे शिकार पोटात भरून आणतात आणि पिल्लांपुढे ओकून त्यांना भरवतात. म्हणजे ती नाकासमोर चालली होती, ती बहुतेक डबा घेऊन घरी! पिंजऱ्यातल्याला जायला जागा नव्हती. हिला होती, ती आम्ही अडवली. त्या दिवशी ती पिल्लांपर्यंत कधी पोचली, मला आजवर कळलेलं नाही.

आणि हा प्राणी काही ढिगाने नाही. अख्ख्या भारतात सुमारे तीन हजार. कायद्याने संरक्षण वाघाइतकंच, पहिल्या परिशिष्टातलं. पण वाघाला जंगल मिळतं. लांडग्याच्या माळाला सरकारी कागदावर कित्येकदा ‘पडीक जमीन’ म्हणतात. मग तिथे कारखाने, प्लॉट, नाहीतर हौसेने लावलेली झाडं! वर भटक्या कुत्र्यांकडून येणारे रोग. पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्र्याचा संकरही जनुकीय चाचणीत सिद्ध झालाय.

२०२३मध्ये वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा मी पुन्हा गेलो. ठरलेली वाट, सोबत गावातलाच गाइड. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, ‘आता बसा निवांत.’ पाऊण तास गेला. चंडोल गात होते, लांब मेंढ्यांच्या घंटा. मग एक दगड उठला, त्याने आळोखेपिळोखे दिले, जांभई दिली आणि तो पुन्हा दगड झाला. आमची दखल शून्य! इतकं भारी मला त्या चाळीस फ्रेम मारतानाही वाटलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही जाणार असाल, तर जरूर जा. बुकिंग चालू आहे का ते आधी बघा, पहाटे निघा, मातकट रंगाचे कपडे घाला, लेन्स ४०० एमएमची असेल तर उत्तम. ड्रायव्हरला जादा पैसे देऊन वाट सोडायला लावू नका. बिळाच्या आसपास फिरकू नका आणि नेटवर फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका. लांडगा तुमच्याकडे बघून पळाला, तर समजा, आपण जास्त जवळ गेलो.

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाच वर्षं तो ॲक्शन शॉट होता. आता कडबनवाडीचा आहे. ‘मस्त आहे रे माळ,’ शेजारच्या टेबलावरची परवा म्हणाली, ‘पण लांडगा कुठाय?’

‘आहे ना. नीट बघ. झोपलाय.’