चेटकिणीचं नाक

2018 च्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन मुलुंडच्या कालिदासला 'अलबत्या गलबत्या' बघायला गेले होते. चिन्मय मांडलेकरांनी नव्याने बसवलेलं, वैभव मांगले चिंची चेटकीण. त्या वर्षी या नाटकाने नुसता धुमाकूळ घातला होता. 15 ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात एका दिवसात पाच प्रयोग झाले होते. मांगले पहिल्यांदा हसले आणि थिएटरभर पोरं किंचाळली. लेक माझा दंड धरून बसली होती. मध्यंतरात बटाटावडा खाता खाता म्हणाली, "आई, तू पण चेटकीण झाली होतीस ना शाळेत? ते हसून दाखव ना."

मला ते हसू येत नाही. कधीच येत नव्हतं. घसा बसलाय, असं सांगून मी वेळ मारून नेली.

साल 1991, इयत्ता नववी, मुलुंडची एक मराठी शाळा. मराठी शाळेत शिकलेल्याला फार सांगायला नको. नाटक म्हणजे डिसेंबरातलं स्नेहसंमेलन. गणपती गेले की निवड, दिवाळीची सुट्टी संपली की तालमी, संमेलन झालं की पुढच्या वर्षापर्यंत नाटकाचं नाव नाही. मराठीच्या बाईंनी रत्नाकर मतकरींच्या याच 'अलबत्या गलबत्या'ला कात्री लावून ते चाळीस मिनिटांत बसवलं होतं. परवानगीबिरवानगी कोणी विचारली असेल असं वाटत नाही.

चेटकीण झाला होता आमच्या वर्गातला एक मुलगा. त्याचं नाव लिहीत नाही, वर्गात पुढे सगळे त्याला चिंचीच म्हणायचे. भांडुपच्या डोंगरावर राहायचा. वडील गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर एलबीएस रोडवरच्या एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला बसायचे. मुलगा चेटकीण कसा, असं मोठ्या सरांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केलेली आहे सर, आपले टीव्हीवरचे चिमणराव." त्यावर सर गप्प.

चिंचीने नाक स्वतः केलं होतं. वर्तमानपत्राचे तुकडे तीन दिवस भिजवून त्याचा लगदा, त्यात खळ आणि मेथीची पूड. मेथी कशाला, तर म्हणे आजी सुपं लिंपताना घालते, कीड लागत नाही. वाकडं, लांब, टोकाला मोहरीएवढे तीन मस. मागून चड्डीचं इलॅस्टिक. आणि हसू! आपण हसताना श्वास बाहेर टाकतो, तो आत ओढायचा. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग घरघर, मग एकदम खालच्या पट्टीत फुटणारं काहीतरी. आजीला दमा होता, तिच्याकडून उचललंय, असं तो अगदी सहज सांगायचा. पहिल्या तालमीत तो हसला तेव्हा शेजारच्या वर्गातला भूगोलाचा तास थांबला होता.

दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर मिळाले. तो बीजगणितात नापास, इंग्रजीतही. दुसऱ्या दिवशी नोटीस फिरली. सहामाहीत दोन विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्यांना संमेलनात भाग घेता येणार नाही.

हे मला अजून पचत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. नोटीस शिपायाने आणली ती तालीम चालू असताना. बाईंनी वाचली, घडी केली, परत उघडून वाचली. चिंची तेव्हा टेबलावर उकिडवा बसला होता, नाक लावून, कारण चेटकिणीचा प्रवेश चालू होता. बाई त्याला म्हणाल्या, "खाली ये बाळ." ते 'बाळ' ऐकूनच त्याला कळलं असणार. तो उतरला. त्याने नाक काढलं, इलॅस्टिकमध्ये अडकलेले केस सोडवले आणि ते बाकावर ठेवलं, टोक वर करून, म्हणजे मोडू नये. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या मोठ्या सरांकडे गेल्या नाहीत. चिमणराव सांगायला गेल्या होत्या, बीजगणित सांगायला नाही गेल्या. पुढे पाच मिनिटांत त्यांनी मला विचारलं, कारण मी प्रॉम्प्टर होते, मला सगळ्यांचे संवाद पाठ होते, आणि मी वर्गात तिसरी यायचे.

मी हो म्हटलं. एका सेकंदात. मला आनंद झाला होता, आणि तो लपवायला मी खाली बघत होते.

तरी त्याला पूर्ण काढलं नाही. पडदा ओढायला ठेवलं. पडदा ओढणं म्हणजे 'भाग घेणं' नव्हे, असा अर्थ कोणीतरी लावला असावा. मग तोच मला शिकवायला लागला. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. "श्वास आत, गं, आत." मला जमायचं नाही, ठसका लागायचा. नाक मला मोठं व्हायचं आणि आत मेथीचा असा कडू वास, की पहिल्या दिवशी मला मळमळलं.

संमेलन शाळेच्या मैदानात, मांडव घालून. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. माझा प्रवेश आला, मी स्टेजच्या मध्यावर गेले, हात वर केले आणि श्वास आत ओढला. काही नाही. नुसती हवा. समोर पहिल्या रांगेत पाहुणे, मोठे सर, संस्थेचे लोक. आणि माझ्या डाव्या कानामागून ते हसू आलं. शिट्टी, घरघर, मग फुटणं. विंगेत दोरीपाशी तो उभा होता. माझं तोंड उघडंच होतं, नाकाने अर्धा चेहरा झाकलेला, मांडवात कोणालाही वाटलं मीच हसले. एक बाळ रडायला लागलं. टाळ्या पडल्या. पुढे दोन ठिकाणी हसू होतं, दोन्ही वेळा मी फक्त तोंड उघडलं.

उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो पडदा गुंडाळत होता.

आता मत. आमच्या शाळा नाटक शिकवत नाहीत, नाटक बक्षीस म्हणून देतात. गणित आलं तर नाटक. ज्या पोराला शाळेत एवढी एकच गोष्ट येते, त्याच्याकडून नेमकी तीच काढून घ्यायची. हल्ली नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचा विषय आहे, त्याला श्रेणी असते, आणि तो तास कुठे जातो हे गणिताच्या शिक्षकांना विचारा. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, चांगलंच आहे, पण त्यातून प्रमाणपत्र गोळा करायची धावपळ होते, हसू शिकणं होत नाही. कलिन्याला विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 मध्ये सुरू झाली, पण तिथे जायला आधी पदवी लागते. दहावीतच अडकलेल्या पोराने काय करायचं?

हे सगळं मी तावातावाने बोलते, घरी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. आणि 2022 मध्ये लेक नववीत असताना, तिच्या शाळेने एकांकिका बसवायला घेतली, तिला त्यात मोठं काम मिळालं आणि चाचणीत गणितात तिला वीसपैकी सहा पडले, तेव्हा मी स्वतः शाळेत गेले आणि तिला नाटकातून काढा म्हणून सांगून आले. कोणी नोटीस काढली नव्हती. तिच्या बाई उलट म्हणाल्या, राहू दे हो, करेल ती दोन्ही. मी ऐकलं नाही. लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दहावीला गणितात तिला 88 मिळाले, आणि खोटं कशाला बोलू, मला पश्चात्ताप होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या जागी चेटकीण झाली नाही आणि तिच्या जागी कोण झालं, ते मी विचारलंही नाही.

चिंची दहावीला इंग्रजीत राहिला. नंतर मला तो एकदाच भेटला, 1997 च्या पावसाळ्यात, भांडुप स्टेशनच्या पुलावर. खांद्यावर केबलच्या वायरचं भेंडोळं, टीव्हीची कनेक्शनं जोडायचं काम करत होता. मी ओशाळले, तो मात्र मजेत होता. घाईत होता, लोकल आली होती. जाता जाता एवढंच विचारलं, "काय गं, नाक आहे का अजून?"

मी "आहे" म्हटलं. आईने ते संमेलनानंतरच्या उन्हाळ्यात, माळा झाडताना, टाकून दिलं होतं.