चांदबीबीच्या महालात चांदबीबी नाही!

वीकएंड आला की पुण्या-मुंबईची मंडळी लोणावळा नाहीतर अलिबाग गाठतात. नगरला कुणी जात नाही, सगळे नगरवरून जातात. शिर्डी, शिंगणापूर, संभाजीनगर... वाटेत एक चहा, की गाडी पुढे! पुण्याहून जेमतेम १२० किलोमीटर. यावेळी जरा थांबून बघा. त्यातून तुम्ही वेबसाइट, व्हिडिओ, सोशल मीडियावाले असाल, तर थांबाच. तुमच्या कामाचा अख्खा फंडा इथे एका डोंगरावर उभा आहे.

शहरापासून साधारण १३ किलोमीटरवर, पाथर्डीच्या दिशेला, शाह डोंगर. माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. रस्त्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच : ‘चांदबीबीचा महाल’. पण तो महाल नाही, आणि चांदबीबीचा तर मुळीच नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान, त्याची ही कबर. चांदबीबी लढली ती खाली शहराजवळच्या किल्ल्यात, १५९५-९६ मध्ये, अकबराच्या फौजेशी.

आता समजा, या जागेची ऑनलाइन नोंद करायचं काम तुमच्याकडे आलं. शीर्षक काय द्याल? ‘सलाबतखानाची कबर’ दिलंत, तर शोधणारा पोचणारच नाही, कारण तो टाइप करतो ‘चांदबीबी महाल’. ‘चांदबीबी महाल’ दिलंत, तर सलाबतखान स्वतःच्याच कबरीतून बेदखल! उपाय साधा आहे. शीर्षक खरं द्यायचं, लोकांचं नाव टॅगमध्ये ठेवायचं आणि ते का पडलं असावं याला दोन ओळी द्यायच्या. म्युझियमच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात. ऐकायला कोरडं, पण वस्तू सापडणार की हरवणार, हे त्यावरच ठरतं.

नगरला तर याची डबल गरज. १४९० मध्ये वसलेलं अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जुन्या नकाशांत आणि परदेशी कॅटलॉगमध्ये अहमदनगर, नव्या सरकारी कागदांत अहिल्यानगर, आणि एसटीत कंडक्टरला सांगताना नुसतं ‘एक नगर’. नोंदीत एक जरी नाव राहिलं, तरी कुणाचा तरी शोध तिथेच संपतो.

शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी आणि फारसी कागद आहेत. एखादं मोडी पत्र स्कॅन करणं हे काही मिनिटांचं काम. पण वाचल्याशिवाय तो स्कॅन म्हणजे नुसता सुंदर फोटो. त्यावर तारीख असते ती अशी : ‘सलास खमसैन मया व अलफ’. म्हणजे तीन, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण शुहूर सन ११५३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, आलं इसवी सन १७५२-५३. हे आपोआप होत नाही बॉस, मोडी जाणणारा माणूस शेजारी बसवावा लागतो. कॅमेरा उद्या नवा घेता येईल. ते जाणकार मात्र दरवर्षी कमी होताहेत. म्हणून बजेट तुटपुंजं असेल, तर आधी वाचणाऱ्याचं मानधन, मग झकास होमपेज!

उलटा अनुभवही घ्या. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर याचं हाशिमनं काढलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नगरच्या चहाच्या टपरीवर बसून ते मोबाइलवर बघता येतं, कारण तिकडे कुणीतरी बसून चित्रकार, काळ, माप सगळं नीट लिहून ठेवलंय. लंडनचा मलिक अंबर दोन सेकंदांत हजर होतो. नगरच्या कपाटातलं एखादं पत्र तसं हजर व्हायचं, तर ते टायपिंग कुणीतरी इथे बसून करायला हवं. हा जॉब ग्लॅमरस नाही, पण शिकलेल्या तरुणांनी करावा असा नक्की आहे.

तर प्लॅन असा. सकाळी वस्तुसंग्रहालय, मग रणगाडा संग्रहालय, आणि ऊन उतरलं की शाह डोंगर. वर वारा मस्त असतो आणि खाली सगळं नगर पसरलेलं दिसतं. फोटो तर तुम्ही टाकणारच. कॅप्शनमध्ये ‘चांदबीबी महाल’ जरूर लिहा, लोकांना सापडायला हवा. फक्त त्याच्या आधी सलाबतखानाचं नाव लिहा. चारशे वर्षं तो तिथेच आहे, बिचाऱ्याला एक टॅग तरी द्या!