सशाला गवतच घाला

सशाला नुसतं गवत घालणं म्हणजे त्याची उपासमार करणं, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. अकोल्याच्या घरी नातवंडांसाठी ससे आले, तेव्हा त्यांचं खाणं मीच ठरवलं. गाजर, भिजवलेले हरभरे, पोळीचा तुकडा, कधी बिस्किट. कडबा-कुटार बैलांसाठी, एवढ्याशा मऊ जिवाला मऊच घालावं, यात मला माया दिसायची. आज मी लोकांना याच्या उलट सांगतो.

मत हललं ते दाढा पाहून. एका सशाने खाणं सोडलं, हनुवटी लाळेने ओली राहू लागली. डॉक्टरांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं, तोंडात उजेड टाकला आणि मला वाकून बघायला लावलं. दाढांच्या कडांना काट्यासारखी टोकं आली होती आणि ती थेट जिभेला टोचत होती. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर वर्षाला दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत. दाढाही वाढतच असतात. त्या झिजतात त्या जबडा आडवा फिरवत गवत तासन् तास दळल्यामुळे, कारण गवताच्या पात्यात बारीक वाळूसारखी सिलिका असते. पोळी आणि गाजर चार घासांत संपतं, दाढांना काम उरत नाही. डॉक्टरांनी ती टोकं घासून दिली आणि चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहिलं: वाळलेलं गवत, चोवीस तास, हवं तेवढं.

पोटाचं गणित त्यानंतर कळलं आणि ते मला दातांहून विलक्षण वाटलं. सशाचं अंधांत्र, म्हणजे आतड्याची एका टोकाला बंद असलेली पिशवी, त्याच्या जठराहून कितीतरी मोठं असतं. तिथे जंतू चाऱ्याचा बारीक भाग आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार होतात. हा माल मऊ, चकचकीत लेंड्यांच्या घोसातून बाहेर येतो आणि ससा तो शरीरातून निघतानाच तोंडात घेऊन गिळतो. आपण पिंजऱ्यात बघतो त्या कोरड्या गोल लेंड्या वेगळ्या. त्यात नुसता चोथा उरलेला असतो. म्हणजे हा प्राणी गवतातून दोनदा जेवतो. गाईने रवंथ करावा, तसंच हे. ज्याला आपण निकस चारा म्हणतो, त्यातून सकस अन्न काढायची सोय त्याच्या अंगातच आहे. पिठूळ आणि गोड खाणं तिथे गेलं की जंतूंचा मेळ बिघडतो, वायू धरतो, आतडं थंडावतं. सशाला उलटी करता येत नाही. बारा तास तोंडात काही गेलं नाही, तर दवाखाना गाठावा. उद्या बघू म्हणू नये.

गाजराची ख्याती चित्रांतून आली. 1940 साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनीने ती जगभर नेली, आपल्याकडच्या अंकलिप्यांनीही तेच रंगवलं. प्रत्यक्षात गाजर हा सशाचा खाऊ, तोही एखादी चकती. त्याचा पाला मात्र खुशाल द्यावा. हराळी, मारवेल, थोडी कोथिंबीर चालते. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना बेताने, कारण त्यात कॅल्शियम फार. गाजरगवत चुकूनही नको. आणि वऱ्हाडात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पाणी उथळ, जड भांड्यात ठेवावं. उन्हाने ससा आधी खाणं कमी करतो, मग आजारी पडतो.

घरातल्या सशाने वावरातल्या सशाकडे पाहायला लावलं. पाळीव ससे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचे वंशज. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात अंगाएवढी बैठक करून दिवस काढतो. दोघांची वीण जमत नाही. म्हणून पिंजऱ्यातला ससा पोहऱ्याच्या जंगलात सोडून देणं म्हणजे त्याला मारणंच आहे. पण दोघांचं जेवण एकच: गवत.

सशाने हरभरा खाल्ला की मी ससा हाकलायच्या बाजूचा होतो. एका सकाळी दर्यापूरकडच्या शेजारकाकांनी धुऱ्याकाठचा हरभऱ्याचा कोंब मला हातात दिला. काप तिरपा, विळ्याने घेतल्यासारखा साफ. "हे पाय, हा सश्याचा दात व्हय. हरिन असतं तं शेंडा ओरबाडला असता." खरंच आहे, हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ओळीने बघत गेलो, तर असे काप धुऱ्यालगतच्या दोन-तीन ओळींतच होते. आत रोही आणि रानडुकरांनी तुडवलेलं वावर होतं, ज्यासाठी काका रात्र रात्र जागल करतात. ससा धुऱ्यापलीकडचं गवत सोडून फार आत येत नाही, आणि पलीकडे गवत असलं तर तेच आधी खातो. पलीकडे काय उरलंय, हा प्रश्न मी तोवर विचारलाच नव्हता.

पलीकडे ई-क्लास जमीन होती, म्हणजे गावचं गायरान, आमच्या गावोगावी असतं तसं. तिला पडीक म्हणण्यात माझाही आवाज असायचा. तिथे कुसळी, मारवेल, शेडा वाढतं. ससा, तितर, काळवीट त्यावर जगतात, गावची गुरंही. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजातले लोक 'संवेदना' संस्थेसोबत असे माळ राखतात, तणमोर या पक्ष्यासाठी. जे एकेकाळी फासे लावत, त्यांना माळाची किंमत माझ्यासारख्या शिकलेल्याच्या आधी कळली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, पण नांगराखाली गेलेल्या गवताबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.

सोंगणीच्या वेळी वावरात सशाचं पिल्लू एकटं दिसलं की लोक कळवळून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात आणि ते दगावतं. ते टाकलेलं नसतं. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, दिवस मावळल्यावर येऊन पाजते. तेवढा पट्टा न सोंगता सोडावा, कुत्री आवरावीत.

यंदा गावात ई-क्लासवर खड्डे खणून रोपं लावायचं ठरत होतं. झाडं लावायला नाही म्हणणं माझ्या तोंडी शोभत नाही, असं मित्रांचं म्हणणं पडलं. तरी मी बोललो. रोपं रस्त्याकडेला लावा, नाल्याकाठी लावा, शाळेभोवती लावा. माळावर गवत राहू द्या. ठराव अजून व्हायचा आहे, आणि मी पुढच्या ग्रामसभेलाही हेच सांगणार आहे.