हाताची साक्ष

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील गावांना सोयीच्या पडणाऱ्या एका बाजारपेठेत गेली सत्तावीस वर्षे मी दवाखाना चालवतो आहे. या काळात रुग्णांच्या तोंडून सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी लगेच सांगेन : ‘डॉक्टर, पण दुखत तर काहीच नाही.’ रक्तदाब १८०/११० भरलेला असतो, परंतु दुखत काही नसते. म्हणून गोळ्या पंधरा दिवसांत बंद होतात. हे वाक्य अडाणीपणातून येते, असे मला कधीच वाटले नाही. ज्याने जमिनीची ओल, बैलाची तब्येत आणि भाताच्या लोंबीतला दाणा आयुष्यभर हाताने आणि डोळ्यांनी पारखला, त्याने स्वतःच्या शरीराबाबतही इंद्रियांचीच साक्ष ग्राह्य धरावी, हे स्वाभाविक आहे. अडचण अशी की काही आजारांत इंद्रिये साक्ष देतच नाहीत आणि काहींत चक्क खोटी साक्ष देतात.

ही गोष्ट शब्दांनी पटवून देणे फार कठीण. ती पटवण्याची रीत मी मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, मुलांच्या घोळक्यात उभा राहून शिकलो. आमच्या भागातील एका आश्रमशाळेची सहल अधूनमधून तेथे जाते आणि उलटीच्या गोळ्या व ओआरएसची पाकिटे घेऊन सोबत जाण्याचे काम माझ्याकडे येते. (भिवंडी येईपर्यंत निम्म्या गोळ्या संपलेल्या असतात.) आमच्या तालुक्यातले तानसा आणि भातसाचे पाणी रोज मुंबईला जाते, तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी आमच्या मुलांनी तेथून थोडे विज्ञान घेऊन यावे, हा हिशेब मला रास्तच वाटतो.

या केंद्रातील प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे पहिले दालन १९७७ मध्ये उघडले. १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, बाहेरचे विज्ञान उद्यान आले आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी वस्तुसंग्रहालयात योग्यच असते. हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीला कोणी हात लावावा असे मीही म्हणणार नाही. परंतु विज्ञान केंद्रात हात लावल्याशिवाय प्रदर्शित वस्तूला अर्थच येत नाही. ज्यांच्या कामामुळे ही कल्पना जगभर रुजली, त्या फ्रँक ओपेनहायमर यांची कहाणी ग्रामीण वाचकाला जवळची वाटेल. अणुबॉम्ब प्रकल्पातील रॉबर्ट ओपेनहायमर यांचा हा धाकटा भाऊ, स्वतः पदार्थवैज्ञानिक. राजकीय कारणांमुळे विद्यापीठांची दारे बंद झाली, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गुरे पाळली आणि पुढे तेथल्याच एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. माणसाची इंद्रिये जगाची ओळख कशी करून घेतात, हाच त्या संग्रहालयाचा एक मुख्य विषय होता.

हा विषय डॉक्टरच्या किती कामाचा आहे, हे एका साध्या प्रयोगावरून सांगतो. जगभरच्या विज्ञान केंद्रांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात असतो. एक धातूची पट्टी, एक लाकडाची. दोन्ही एकाच खोलीत ठेवलेल्या. हात लावला तर धातू गार लागतो, लाकूड लागत नाही. तापमापक लावला तर दोन्हींचे तापमान सारखेच. त्वचेला वस्तूच्या तापमानापेक्षा आपल्या अंगातून उष्णता किती वेगाने निघून जाते आहे, तेच अधिक जाणवते; आणि धातू ती भराभर ओढून घेतो. आता माझ्या दवाखान्यात एक स्टीलचे ताट आणि एक लाकडी पाट बाकावर कायम ठेवलेले असतात. लहान मुलाला घेऊन आलेल्या आईला मी आधी या दोन्हींवर तळवा ठेवायला सांगतो, मग ताट अधिक गार आहे का असे विचारतो, आणि मग तिच्याच हातात तापमापक देतो.

कारण ताप हा आपल्याकडे अजूनही तळव्यानेच मोजला जातो. थंड पाण्यात भांडी घासून उठलेल्या बाईला मुलाचे कपाळ तापलेले वाटेल. चुलीपाशी भाकऱ्या थापून उठलेल्या बाईला तेच कपाळ बरे वाटेल. याहून घातक फसवणूक थंडी वाजून येणाऱ्या तापात होते. ताप चढत असताना त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, आणि ‘हातपाय तर गार आहेत, ताप कुठला?’ असे म्हणत घरचे लोक मुलाला गोधडीत गुंडाळून ठेवतात. काखेतला तापमापक त्याच वेळी १०३ अंश दाखवत असतो. पावसाळ्यात हिवतापाच्या आणि डेंग्यूच्या दिवसांत असा गेलेला एक दिवस महाग पडतो. ताट आणि पाट पाहून गेलेल्या आया मात्र पुढच्या वेळी ‘अंग गरम होतं’ असे न सांगता आकडा सांगतात.

सगळीच प्रात्यक्षिके अशी बोलकी नसतात, हेही नमूद केले पाहिजे. केवळ बटण दाबायचे आणि दिवे लागलेले पाहायचे, यात हाताचे काम फारसे नाही. मुले तेथे बटण दाबून पुढे पळतात. आपण जे करू त्याप्रमाणे ज्याचे उत्तर बदलते, तेच खरे. शिवाय सहलीचा वेळ अपुरा आणि शिक्षकांची ‘चला, चला’ ही घाई. म्हणूनच ही मांडणी कायमस्वरूपी असण्याला माझ्या लेखी मोठे महत्त्व आहे. हातात वजने घेऊन फिरत्या आसनावर बसायचे आणि हात छातीशी घेतले की वेग वाढतो, हे पाहून आमच्या शाळेतली एक मुलगी सहावीत नुसतीच किंचाळली होती. नववीत ती पुन्हा आली, तेव्हा वजने खाली ठेवून ‘रिकाम्या हातांनी किती फरक पडतो?’ असे विचारत पुन्हा बसली. तो प्रश्न तिच्या मनात तीन वर्षे होता की त्याच दिवशी उगवला, हे मी विचारले नाही. ते आसन पुन्हा भेटले, एवढे खरे.

जे प्रात्यक्षिकात मांडता येत नाही, तेथेही या सवयीचा उपयोग होतो. आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. या दंशाला बहुधा वेदना नसते, सूज नसते, कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि उपचार न मिळाल्यास श्वासाचे स्नायू थांबतात. ‘चावल्यासारखे काही वाटले नाही’ म्हणून वाट पाहणारे आणि भगताकडे जाऊन वेळ घालवणारे कुटुंब तेच वाक्य बोलत असते : दुखत तर काहीच नाही. अशा वेळी रुग्णाला शासकीय रुग्णालयात तत्काळ न्यावे. प्रतिसर्पविष तेथे मोफत मिळते.

आता डोळ्यांविषयी. माझे एक जुने रुग्ण, वय सत्तरीच्या घरातले. नेत्रतज्ज्ञांनी काचबिंदूचे निदान करून रोजचे थेंब दिले होते. ते बंद करून आले. “डॉक्टर, माहुलीचे सुळके इथून मोजून दाखवू का?” असे त्यांनी मला विचारले. सुळके त्यांना खरोखरच दिसत होते. काचबिंदूत बहुधा बाजूची नजर आधी जाते, समोरची शेवटपर्यंत टिकते. आणि मोतीबिंदूसारखा हा काढून टाकता येत नाही, गेलेली नजर परत येत नाही.

मी वहीचे एक कोरे पान घेतले. एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर जाड ठिपका काढला. “बाबा, डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा.” सुमारे ३० सेंटिमीटरवर ते थबकले. ठिपका नाहीसा झाला होता. दृष्टीची नस डोळ्याच्या पडद्यातून जेथे बाहेर पडते, तेथे प्रत्येकाच्याच डोळ्यात असा अंधबिंदू असतो. तो आजार नव्हे. त्यांनी कागद पाच-सहा वेळा मागेपुढे केला.

“ठिपका गेला,” ते म्हणाले, “पण रेघ तर अखंड दिसते.”

“ती रेघ तुमचा मेंदू भरून काढतो, बाबा. काचबिंदूने गेलेली जागाही तो अशीच भरतो. म्हणून कळत नाही.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थेंबांची चिठ्ठी पुन्हा लिहून घेतली, आणि काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालत येतो, तेव्हा भावंडांनीही तपासून घ्यावे, हे माझे बोलणे शांतपणे ऐकले. निघताना त्यांनी तो कागद मागितला, चौघडी करून बंडीच्या खिशात ठेवला. “धाकट्याला दाखवतो. तोही म्हणतो, मला सगळं दिसतं.”

धाकटा भाऊ पुढच्या बाजाराच्या दिवशी आला. कागद त्याच्या हातात होता, आणि ठिपक्याभोवती कोणीतरी पेन्सिलीने आणखी चार ठिपके काढून पाहिले होते.