पोक काढणाऱ्यांच्या बाजूने

शाळेत पी.टी. शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाने पोक काढून बसणाऱ्यांची बाजू घ्यावी, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पचनी पडणार नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचे खांदे पडलेले दिसले तरी माझी शिट्टी वाजायची. छाती पुढे, पोट आत, नजर समोर! ताठ पाठ ती निरोगी पाठ, आणि जो ताठ उभा राहील त्याच्या अंगी आत्मविश्वास येईल, ही दोन समीकरणं बी.पी.एड. करताना डोक्यात बसली. तीच मी मुलांच्या डोक्यात बसवत आलो. आता त्यातलं फारसं काही मला पटत नाही.

पहिला धक्का एका चित्राने दिला. मोबाइलवर मान झुकवलेल्या मुलाचं ते चित्र मीच सूचनाफलकावर लावलं होतं. अमेरिकेतले मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेला हिशोब त्यात होता : डोकं सरळ असताना मानेवर साधारण ५ किलो भार, ६० अंशांत झुकवलं की २७ किलो. पालकसभेत हा आकडा सांगितला की आया हमखास चुकचुकायच्या. आमची एक माजी विद्यार्थिनी आता फिजिओथेरपिस्ट आहे. ती शाळेत आली, चित्र पाहिलं आणि हसली. हा आकडा संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला, कुणाच्या मानेत मोजलेला नाही. आणि मान दुखते की नाही हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही, असं तिने सांगितलं. "सर, भार आला म्हणजे इजा झाली असं नसतं. तुम्ही आम्हाला बैठका मारायला लावायचात तेव्हा गुडघ्यांवर भार यायचाच की!" यावर मी काय बोलणार?

तिनेच २०१९ चा एक लेख वाचायला दिला. फिजिओथेरपीच्या नावाजलेल्या नियतकालिकात तज्ज्ञांनी मिळून लिहिलेला. सगळ्यांना लागू पडेल अशी एकच 'योग्य' बसण्याची पद्धत असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि 'चुकीचं' बसणं टाळल्याने पाठदुखी टळते असंही दिसत नाही, असा त्याचा रोख. पाठीला जे सोसत नाही ते एकाच अवस्थेत ताटकळणं. तालुका क्रीडा स्पर्धांचे फॉर्म ऑनलाइन भरताना मी काटकोनात बसायचो, आणि संध्याकाळी कमरेला रग लागायची ती मलाच; शेजारी खुर्चीत घसरून बसलेले चित्रकलेचे सर मजेत असायचे. मी त्यांना बेशिस्त म्हणायचो. ते दर पाच मिनिटांनी कूस बदलत होते, हे मात्र कधी माझ्या डोळ्यांत भरलं नाही.

पाठीचं प्रकरण इथे मिटलं. मुलांचं मिटायला जास्त वेळ लागला, कारण तिथे वाचून कळण्यासारखं थोडं होतं.

आठवीत वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच असलेली एक मुलगी खांदे आत ओढून, दप्तर छातीशी धरून चालायची. मी रांगेतून तिचं नाव घेऊन ओरडायचो. खांदे आणखी आत जायचे. आमच्या बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ती लपतेय. गणवेश तंग झालाय, आणि नवीन मागायची तिला घरी सोय नाही." गणवेशाची व्यवस्था बाईंनीच गुपचूप केली. मी फक्त ओरडणं बंद केलं. मुलगी महिन्याभरात काही ताठ झाली नाही, पण लंगडीत उतरायला लागली. दुसरा एक पोरगा वहीवर नाक टेकवून लिहायचा. त्याला चष्मा हवा होता. आणि एकाला मी वर्षभर "खांदे सारखे कर" म्हणून ओरडत राहिलो. शेवटी कुणीतरी शिकवलं म्हणून त्याला शर्ट काढून, पाय जुळवून, हात खाली सोडून कमरेतून वाकायला लावलं. मागून पाहिलं तर पाठीची एक बाजू फासळ्यांसकट वर आलेली स्पष्ट दिसत होती. कणाच बाजूला वळलेला. त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं होतं. असे कणे शिट्टीने सरळ होत नाहीत.

आता आत्मविश्वासाचं. २०१० साली डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांनी अमेरिकेत ४२ जणांवर एक प्रयोग केला. दोन मिनिटं हातपाय पसरून रुबाबात राहिलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं, ताणाचं कॉर्टिसॉल उतरतं, असा निष्कर्ष. २०१२ मध्ये कडींचं टेडचं भाषण जगभर गाजलं. ते पाहून मी वक्तृत्व स्पर्धेच्या मुलांना विंगेत कमरेवर हात ठेवून उभं करायला लागलो. पुढे २०१५ मध्ये वेगळ्या संशोधकांनी २०० जणांवर हे करून पाहिलं तेव्हा हार्मोन्स जागचे हलले नाहीत. अंगात जोर आल्यासारखं वाटलं, एवढंच लोकांनी सांगितलं. २०१६ मध्ये खुद्द कार्नींनी जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं त्यांना वाटत नाही. मला त्या बाईंचं कौतुक वाटतं. त्यांच्या जागी मी असतो तर शिट्टी आणखी जोरात वाजवली असती. आणि आमच्याकडे बक्षिसं आणणारी मुलगी? ती विंगेत भिंतीला रेलून भाषण पुटपुटत असायची.

खरं तर एवढं वाचायचीही गरज नव्हती. कबड्डीत चढाईला निघालेला गडी बघा. गुडघे मोडलेले, कंबर झुकलेली, हात पसरलेले, मान पुढे. समोर सात जण उभे असताना हा एकटा त्यांच्या अंगणात घुसतो. खो-खोत पाटीवर बसलेली पोरगी उकिडवी असते आणि 'खो' मिळताच गोळीसारखी सुटते. तालमीतला पैलवान सलामी झडताना वाकलेलाच असतो. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं हे चाललं होतं आणि मी आत्मविश्वास शोधत होतो तो 'सावधान'मध्ये. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. त्यात पाठ मागे जाते, पुढे जाते, एका जागी राहतच नाही. आम्ही मात्र ते आकड्यांवर घालतो आणि प्रत्येक स्थितीत मुलांना गोठवून ठेवतो.

सगळंच सोडून दिलंय असं नाही. मोठ्याने बोलायचं असेल तर छाती मोकळी हवी, आवाज पोचतो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात आहे; दप्तर तोलायचा काटा मी अजून क्रीडा खोलीत ठेवलाय आणि वापरतोही. पण गणिताच्या सरांकडे माझी भुणभुण आता वेगळी असते : तास जोड असेल तर मध्ये एकदा मुलांना उठवा, फळ्यापर्यंत चालवा, हवं तर खिडकीशी उभं राहून सोडवू द्या.

१५ ऑगस्टला मात्र रांग ताठच असते. पाहुणे बघायला आलेले असतात आणि ध्वजवंदनाला वेळ तो किती लागतो! राष्ट्रगीत संपलं की मी लगेच 'विश्राम' देऊन मुलांना खाली बसवतो, प्रत्येकाला हवं तसं. समोर भाषणाचा कागद हातात घेऊन मुख्याध्यापक उभे असतात. त्यांना हे अजिबात आवडत नाही.